तबकडीबाहेरची लावणी

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला गेलो, तेव्हा तिथल्या संगीतबारीत एकच लावणी बराच वेळ रंगलेली ऐकली. गाणारी त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येई. दर वेळी अदा निराळी. समोरच्या रसिकाची दाद बघून ओळीचा अर्थही फिरे.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यात शब्द आणि चाल आली, हे फिरून येणे गळाले. आज लावणीचा अल्बम निघाला, तर त्याला वेळेचे बंधन नाही. पण स्टुडिओत समोर रसिक नसतो. म्हणून केवळ ध्वनिमुद्रणांवरून लावणीचा इतिहास लिहू नये, असे मला वाटते. बारी बंद पडली, तर चाल उरेल, अदा जाईल.