जांभ्याच्या भिंती आणि वाय-फाय

कोकणातील जांभ्याच्या घरात वाय-फाय सर्व खोल्यांत पोहोचवायचे असेल, तर आधी भिंती पाहाव्या लागतात. चिऱ्याची भिंत बहुधा नऊ इंच किंवा त्याहून जाड असते, शिवाय जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. म्हणून मे महिन्यात स्वयंपाकघरात कशीबशी मिळणारी रेंज आषाढात गेली, तर राउटरच बिघडला असे समजण्याची घाई करू नये.

रेंज किती आहे हे मोबाइलमधल्या साध्या अ‍ॅपने मोजता येते. हे मोजमाप डीबीएम या एककात असते; त्याचे आकडे उणे असतात, ते शून्याच्या जितके जवळ तितकी लहर बळकट, आणि दर दहा अंकांच्या घसरणीला तिची शक्ती दहापटीने कमी होते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बहुधा सुरळीत चालतो, उणे ८० च्या खाली मात्र जोडणी तुटू लागते. फोन हातात धरून ओटीवरून आत चालत गेले की माजघराच्या उघड्या दारात आकडा फारसा हलत नाही, पण दार सोडून भिंतीआड दोन पावले सरकताच तो झरकन घसरतो. जुन्या घरांत ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर यांची दारे पुष्कळदा एका रेषेत असतात, आणि लाकडी दार चिऱ्याच्या मानाने लहरींना फारच थोडे अडवते. राउटर या रेषेत, माजघरात उंचावर ठेवला, तर लाकडी तक्तपोशीतून माळ्यावरही रेंज जाते. प्रत्यक्षात तो केबल जिथे घरात शिरते तिथेच, पडवीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटामागे राहतो, आणि पहिली चूक इथेच होते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपुढे २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर दमतो. जास्त ताकदीचा राउटर आणूनही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण फोनलाही उत्तर पाठवावे लागते आणि त्याची ताकद वाढत नाही. आलेली लहर पुन्हा प्रक्षेपित करणारा रिपीटर बहुतेक वेळा एकाच वाहिनीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. तो रेंज नसलेल्या खोलीत ठेवला, तर त्यालाच काही ऐकू येत नाही.

मागच्या खोल्यांसाठी वाशांच्या कडेने, विजेच्या तारांपासून अंतर राखून, इथरनेटची केबल ओढावी आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट त्या खोलीत वाय-फायने पसरवणारे उपकरण, लावावे. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आणि कोकणातले मोठे घरही सहसा त्याहून लांब नसते.