क्षयरोगातील औषधप्रतिरोधाची जनुकीय कारणे

क्षयरोगातील औषधप्रतिरोध म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जीवाणूवर क्षयरोगाच्या औषधाचा परिणाम न होणे. किमान रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगास बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोग (एमडीआर-टीबी) म्हणतात.

उत्पत्ती

अनेक जीवाणू प्रतिरोधाची जनुके इतर जीवाणूंकडून मिळवतात. क्षयाच्या जीवाणूत मात्र प्रतिरोध त्याच्याच गुणसूत्रातील यादृच्छिक उत्परिवर्तनांमुळे येतो. साधारणपणे १० लाख जीवाणूंत एक आयसोनियाझिडला, तर १० कोटींत एक रिफॅम्पिसिनला प्रतिरोधी असतो. फुप्फुसातील पोकळीत कोट्यवधी जीवाणू असतात. त्यामुळे एकच औषध दिल्यास संवेदनशील जीवाणू मरतात आणि प्रतिरोधी जीवाणू वाढतात. एकच जीवाणू दोन्ही औषधांना प्रतिरोधी असण्याची शक्यता अत्यल्प असल्याने अनेक औषधे एकत्र दिली जातात. अनियमित उपचारांत हे संरक्षण दुबळे होते.

प्रमुख जनुके

* आरपीओबी: रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेझ या विकराला चिकटून त्याचे कार्य थांबवते. विकराचा तो भाग या जनुकावरून बनतो. सुमारे ९५ टक्के रिफॅम्पिसिन-प्रतिरोधी जीवाणूंत जनुकाच्या ८१ क्षारक-जोड्यांच्या पट्ट्यात बदल आढळतो.
* कॅटजी: आयसोनियाझिड जीवाणूच्या कॅटालेझ-पेरॉक्सिडेझ विकरामुळेच सक्रिय होते. कॅटजी जनुकातील बदलाने, विशेषतः ३१५व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनीन आल्यास, औषध पुरेसे सक्रिय होत नाही.
* इनएचए: याच्या नियंत्रक भागातील बदलामुळे औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिन अधिक प्रमाणात बनते. आयसोनियाझिडला येणारा हा प्रतिरोध बहुधा सौम्य असतो.
* जायरए व जायरबी: यांतील बदलांमुळे लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे निष्प्रभ ठरतात.

प्रसार

आरपीओबीतील बदलामुळे जीवाणूची वाढ काहीशी मंदावू शकते. परंतु आरपीओसी जनुकातील पूरक उत्परिवर्तने ही उणीव भरून काढतात. असे जीवाणू एका व्यक्तीकडून दुसरीकडे पसरतात. त्यामुळे पूर्वी कोणतेही उपचार न घेतलेल्या व्यक्तीलाही प्रतिरोधी क्षयरोग होऊ शकतो.

निदान

संवर्धन पद्धतीने प्रतिरोध ओळखण्यास काही आठवडे लागतात. सीबीनॅट चाचणी आरपीओबीतील ८१ जोड्यांचा पट्टा तपासून सुमारे दोन तासांत निष्कर्ष देते. मात्र पट्ट्याबाहेरील उत्परिवर्तन तिला दिसत नाही. आफ्रिकेतील एस्वातिनी (तत्कालीन स्वाझीलंड) देशात २००९ च्या सर्वेक्षणातील सुमारे ३० टक्के बहुऔषध-प्रतिरोधी नमुन्यांत असे उत्परिवर्तन आढळले. अशा रुग्णाचा निष्कर्ष ‘रिफॅम्पिसिन-संवेदनशील’ असा येऊन त्याला निरुपयोगी औषध दिले जाण्याचा धोका असतो. संपूर्ण जनुकसंचाच्या क्रमनिर्धारणाने ही त्रुटी दूर करता येते.