मोडीत निघालेल्या इंजिनाची दुसरी नोकरी

आपल्या प्रतापनगरातून कडबी चौकापर्यंत गेलात, तर नॅरोगेज संग्रहालय लागते. २००२ साली ते उघडले. तेथली जुनी इंजिने पाहून आपण म्हणतो, ‘सुटली बिचारी!’ परंतु मुख्य मार्गावरून उतरलेल्या इंजिनाला अशी विश्रांती क्वचितच लाभते. पुष्कळदा ते एखाद्या कारखान्याच्या दारात दुसरी नोकरी धरते.

कारण सोपे आहे. मेलगाडीला वेग हवा. कारखान्याच्या सायडिंगवर वेगाचे काय काम? तेथे भरलेल्या वाघिणी जागच्या हलवायच्या, काट्यावर न्यायच्या, रिकाम्या परत लावायच्या. झिजलेले इंजिन पावलाच्या चालीने हे काम वर्षानुवर्षे करू शकते.

गोरखपूरकडील सरदारनगरच्या सराया साखर कारखान्यात ‘ट्वीड’ आणि ‘मर्सी’ अशी दोन इंजिने होती. ती तिरहुत रेल्वेसाठी शार्प स्ट्युअर्ट कंपनीने १८७३ साली बांधली. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात धान्य पोचविण्यासाठी तो लोहमार्ग घाईने टाकला गेला होता. त्या मार्गाची ही इंजिने शंभरी ओलांडूनही कारखान्यात राबत होती.

खतौलीची गोष्ट याहून नवलाची. पहिल्या महायुद्धात आघाडीवर दारूगोळा नेण्यासाठी इंग्रज सैन्याने अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याकडून दोन फुटी रुळांची ४९५ इंजिने घेतली. वरून जड, रुळांवरून घसरण्यात नावाजलेली जात! युद्ध संपल्यावर ती विकली गेली. त्यांतले १९१७ चे, ७७८ क्रमांकाचे इंजिन हिंदुस्थानात येऊन खतौलीच्या साखर कारखान्यात लागले. पुढे १९८० नंतरच्या दशकात ते इंग्लंडला परत गेले आणि २००७ साली लेटन बझार्डच्या हौशी मंडळींच्या रेल्वेवर पुन्हा चालू लागले.

त्याचा क्रमांक व साल पुस्तकांत आहे. खतौलीत ते रुळावर ठेवणाऱ्या फिटर-खलाशांची नावे मात्र मी वाचलेली नाहीत. जुन्या इंजिनाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. बुश ओतावा लागतो, नळी ठोकून बसवावी लागते. स्वस्तात घेतलेल्या इंजिनाची उरलेली किंमत अशी रोज हातांनी फेडली जाते.

संघटनेच्या कामात एका कारखान्याच्या सायडिंगवर मी असेच जुने डिझेल इंजिन पाहिले. ब्रेक कच्चा. उपाय काय, तर सांधेवाल्याने लाकडी पाचर घेऊन चाकापुढे धावायचे! एका रात्री कपलिंग लावताना वाघीण सरकली आणि त्याची दोन बोटे गेली. आम्ही ब्रेकदुरुस्तीची मागणी केली. उत्तर आले, ‘इंजिन जुने घेतले आहे, हे सर्वांस ठाऊक होते.’ ते पत्र मी जपून ठेवले आहे. वाफेच्या बॉयलरला निदान १९२३ च्या कायद्याने तपासनीसाचा दाखला लागे. या ब्रेकला विचारणारे आम्हीच.

तीन दिवस शंटिंग बंद राहिले. चौथ्या दिवशी ब्रेकचे सामान आले. तेही जुन्या बाजारातलेच होते, पण धरले.