जीपगाडीचा पुढचा आस बदलल्यानंतर उद्भवणारे ब्रेकचे व थरथरीचे दोष

डोंगराळ मुलखातील खेड्यांना जीपगाडीचा आधार जुना आहे. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर थोड्याच काळात महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून मोजणीचे काम, लसीकरणाचे पथक, बाजारहाट, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे अशी नाना कामे या जातीच्या गाड्यांनी केली आहेत. अशा गाड्यांचे आयुष्य दुरुस्तीवर वाढते. त्यांतील एक मोठी दुरुस्ती म्हणजे पुढचा आस, अर्थात गॅरेजच्या भाषेतील फ्रंट ॲक्सल, बदलणे.

जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना ड्रमचे ब्रेक असत. ओढा ओलांडताना ड्रममध्ये पाणी शिरले की लायनर ओले होतात आणि पुढे काही अंतरापर्यंत ब्रेक नीट धरत नाहीत. कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेसारख्या, प्रवाहातून जाणाऱ्या मार्गांवर ही अडचण विशेष जाणवणारी आहे. डिस्कवरील पाणी मात्र चाकाच्या फिरण्याने व पॅडच्या घासण्याने लवकर निघून जाते. म्हणून जुना आस झिजला किंवा वाकला की त्या जागी नंतरच्या नमुन्याच्या गाडीचा डिस्क ब्रेक असलेला आस बसविण्याचा मोह होतो. आस बसतो, गाडी चालूही लागते. पण मग स्टिअरिंग थरथरते, चाके तापतात, ब्रेकचे पेडल खोल जाते.

या सर्व तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते. आस बदललेला असतो, परंतु ज्या भागांशी त्याचे काम जुळले पाहिजे ते मास्टर सिलिंडर, पाटे, स्टिअरिंगचे दांडे व प्रॉपेलर शाफ्ट जुन्या आसाच्या मापाचेच राहिलेले असतात. म्हणून नवे सुटे भाग विकत घेण्यापूर्वी कोणता जोड जुळलेला नाही, हे शोधून काढावे.

लक्षण केव्हा दिसते?

तपासणीचा आरंभ या प्रश्नाने करावा. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल, तर दोष डिस्क, ड्रम किंवा हब यांत शोधावा. ब्रेक न दाबता ठराविक वेगाला थरथर होत असेल, तर चाकाचा समतोल, वाकलेली रिम व टायर प्रथम पाहावेत. खड्ड्यातून चाक गेल्यावर स्टिअरिंग एकाएकी डावी-उजवीकडे झोके घेऊ लागत असेल आणि वेग पुष्कळ कमी केल्याखेरीज थांबत नसेल, तर दोष आसाच्या कोनात किंवा सांध्यांच्या ढिलाईत असतो. चारही चाकांना जोर दिल्यावरच थरथर किंवा आवाज येत असेल, तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टकडे वळावे.

चाक धरून राहणे व तापणे

डिस्कचा आस बसविल्यावर आढळणारा हा सर्वांत धोक्याचा दोष होय. ड्रम ब्रेकच्या अनेक मास्टर सिलिंडरांत एक लहान झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळीत दर चौरस इंचास सुमारे १० पौंड दाब राखून ठेवते. ड्रममधील शूज मागे ओढणारी स्प्रिंग बळकट असल्यामुळे तेथे हा दाब अडचण करीत नाही. उलट चाकाजवळच्या सिलिंडरातील रबर त्यामुळे घट्ट बसून राहते. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे रबरी कडे किंचित आखडते, तेवढाच पॅड मागे सरतो. त्यामुळे तो राखून ठेवलेला दाब पॅडला डिस्कवर सतत घासत ठेवतो.

याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी मागील चाकांना दगडाची ओट लावावी, पुढचा भाग उचलून भक्कम घोडीवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. ब्रेक दाबून सोडावा व चाक हाताने फिरवावे. चाक अडत असेल, तर मास्टर सिलिंडरापाशी नळी किंचित सैल करावी. तेवढ्याने चाक सुटले, तर दोष त्या झडपेचा आहे किंवा पेडलच्या दांड्याला मोकळीक उरलेली नाही. तेथे सुटले नाही पण चाकाजवळचा निपल उघडताच सुटले, तर रबरी नळी आतून फुगून बंद झाली आहे. निपल उघडूनही सुटले नाही, तर कॅलिपरचा पिस्टन अथवा त्याच्या सरकत्या पिना गंजल्या आहेत. परीक्षेनंतर सांधे घट्ट करून हवा पुन्हा काढावी.

या दोषाकडे दुर्लक्ष का करू नये, हे घाटात कळते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. हे ऑइल हवेतील पाणी शोषून घेते आणि ओलसर झाल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. आधीच घासून तापलेला डिस्क चोर्ला घाटासारख्या लांब उतारावर आणखी तापला की ऑइलची वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचत नाही आणि पेडल थेट तळाला जाते. गाडी उभी करून थंड झाल्यावर पेडल पुन्हा वर येते. त्यामुळे चालकाला दोष नाहीसा झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो तसाच असतो.

पेडल मऊ लागणे किंवा खोल जाणे

पेडल मऊ लागत असेल तर आत हवा आहे. कॅलिपर डावे-उजवे उलट बसविले गेले, तर हवा काढण्याचा निपल खालच्या बाजूस येतो. हवा वर राहते आणि कितीही वेळा ऑइल काढले तरी निघत नाही. निपल कॅलिपरच्या माथ्याशी असला पाहिजे. हवा नसताही पेडल खोल जात असेल, तर जुने मास्टर सिलिंडर मोठ्या कॅलिपरला पुरेसे ऑइल देत नसावे. मागील ड्रमचे शूज सैल असणे व हबच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असणे, हीही कारणे तपासावीत. पेडल कठीण असूनही गाडी थांबत नसेल, तर डिस्कला लागणारा अधिक दाब देणारा बूस्टर नाही, किंवा पॅड तेलकट अथवा गुळगुळीत झाले आहेत, असे समजावे.

थरथरीची कारणे

ब्रेक दाबताच पेडल पायाखाली उसळत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नाही किंवा डिस्क वाकडा फिरतो. हबच्या तोंडावरील गंज साफ न करता डिस्क बसविणे व चाकाचे नट एकाच बाजूने आवळणे, ही याची नेहमीची कारणे होत. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

झोके घेणाऱ्या स्टिअरिंगसाठी किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे सांधे, पाट्यांचे बुश व यू-बोल्ट हाताने हलवून पाहावेत. त्यानंतर कॅस्टर कोन मोजावा. चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा माथा किंचित मागे झुकलेला असतो. त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. दुसऱ्या गाडीच्या आसावर पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्डिंग करताना हा कोन सहज बिघडतो. पाटा व आस यांमध्ये पाचर घालून तो सुधारता येतो. परंतु माथा मागे झुकविला की डिफरन्शिअलचे तोंड खाली जाते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडून तेथे नवी थरथर सुरू होऊ शकते. म्हणून बैठका पक्क्या करण्यापूर्वीच दोन्ही कोन मोजणे शहाणपणाचे ठरते.

पुढच्या व मागच्या आसाचे दातांचे प्रमाणही सारखेच हवे. क्राउनचे ४३ व पिनियनचे ८ दात असतील तर प्रमाण ५.३८ येते, ३९ व ८ असतील तर ४.८८. असे दोन भिन्न आस एका गाडीत असता चारही चाकांना जोर दिल्यास शाफ्ट व गिअर यांवर विनाकारण ताण येतो.

परवानगी व अंतिम चाचणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरफारावर निर्बंध आहेत. फेरफारामुळे वाहन निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले आहे. यास्तव काम हाती घेण्यापूर्वीच नोंदणी प्राधिकाऱ्याकडे चौकशी करावी. त्याच नमुन्याचा मूळ आस मिळत असेल तर तोच बसविणे सर्व दृष्टींनी हिताचे.

काम पूर्ण झाल्यावर पुढची चाके दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ब्रेकच्या नळ्या ताणल्या किंवा घासल्या जात नाहीत ना, हे पाहावे. मोकळ्या मैदानात, कोरड्या जमिनीवर, मंद वेगाने ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते की एका बाजूस ओढते, आणि मागची चाके आधी घसरत नाहीत ना, याची खात्री करावी. थोडे अंतर चालवून दोन्ही हबजवळ हात न लावता उष्णतेचा अंदाज घ्यावा. एक चाक दुसऱ्याहून फार तापलेले असल्यास तपासणी पुन्हा करावी. यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत पुन्हा आवळावेत. ही चाचणी होईपर्यंत गाडीत प्रवासी, विशेषतः शाळेची मुले, बसवू नयेत आणि गाडी घाटात नेऊ नये.