तंजावरची नाटके आणि ‘रेव्ह्यू’चे सूत्र

पाश्चात्त्य रंगभूमीवरील ‘रेव्ह्यू’ हा प्रकार मूळचा पॅरिसचा. सरत्या वर्षातील घडामोडींची थट्टा करणारे प्रवेश, गीते व नृत्ये एकामागून एक सादर करावयाची, ही त्याची आरंभीची रीत होय. त्या फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘आढावा’ असाच आहे. पुढे लंडन व न्यूयॉर्क येथे त्यास बहर आला. झिगफेल्ड यांचे १९०७ साली सुरू झालेले ‘फॉलीज’ त्याचे प्रसिद्ध उदाहरण. यात सलग कथानक नसते. प्रत्येक प्रवेश स्वतःपुरता पूर्ण असतो आणि एखादे सैल सूत्र त्या सर्वांना गुंफून ठेवते.

हा प्रकार जसाच्या तसा तंजावरात होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथील मराठी नाटकांचे मोल ठरविताना ही तुलना उपकारक ठरते. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’पासून सांगण्याचा प्रघात आहे. तत्पूर्वी सुमारे दीडशे वर्षे तंजावरच्या भोसले दरबारात मराठी नाटके रचली जात होती. त्यांचा उल्लेख होतो, तो बहुधा प्राचीनतेपुरता. कथानक शिथिल, पात्रे ठोकळेबाज, असा शेरा मारून समीक्षक पुढे जातो. दोष नाटकांचा की निकषाचा, हा प्रश्न मात्र राहूनच जातो.

शहाजीराजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांचे ‘पंचभाषाविलास’ पाहावे. द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देश येथील चार राजकन्या कृष्णाची अभिलाषा धरतात. प्रत्येकीची वाणी तिच्या देशाची; पाचवी भाषा संस्कृत. कथा म्हणावी तर एवढीच. रस आहे तो एकच भाव निरनिराळ्या भाषांतून फिरताना कसा पालटतो, हे ऐकण्यात. तमिळ, तेलुगु व मराठी शेजारी नांदणाऱ्या नगरीतच असा खेळ सुचू शकतो.

दुसरे उदाहरण सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’चे. कोरवंजी म्हणजे गावोगाव फिरून भविष्य सांगणारी डोंगरातील स्त्री. तमिळ कुरवंजी नाटकात विरहिणीचा हात पाहण्यापूर्वी ती आपले डोंगर व पाहिलेले देश गाऊन वर्णिते. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजाने ही जुनी जागा नेमकी हेरली आणि कोरवंजीच्या मुखी पृथ्वीवरील खंडांचे व देशांचे भूगोलवर्णन घातले. साचा जुना, भरणा अगदी ताजा. नव्या वार्तेस गाण्याच्या चौकटीत आणण्याची ही युक्ती रेव्ह्यूच्या जातीची आहे. भेद एवढाच की, रेव्ह्यू थट्टा करतो, कोरवंजी ज्ञान देते.

या दृष्टीने पाहिले असता शैथिल्य हा दोष राहत नाही. ती नव्या मजकुरासाठी मोकळी ठेवलेली जागा ठरते. मात्र येथूनच संपादक व अनुवादक यांची जबाबदारी सुरू होते. ‘पंचभाषाविलासा’तील केवळ मराठी भाग वेगळा काढला, तर एका राजकन्येचे मनोगत हाती लागेल, नाटक लागणार नाही. सगळे एका भाषेत उतरविले, तर प्रत्येक शब्दाचा अर्थ येईल आणि भाषांची स्पर्धा, म्हणजे नाटकाचा प्राणच, नाहीसा होईल. अशा कृतीचे मूळ पाचही भाषांत शेजारी अर्थ देऊन छापावे लागते. ती तमिळ, तेलुगु आणि मराठी वाङ्मयेतिहासांत वाटून टाकण्याची नव्हे, तर तिन्हींनी एकत्र बसून वाचण्याची ठेव आहे.