फोटोतला फौजी कोण? आधी गणवेश वाचा

कवठे महांकाळच्या आसपास जुन्या घरांत एखाद्या फौजीचा काळपट फोटो भिंतीवर असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आजोबांचे चुलते, बर्माच्या लढाईतले.’ नातं बहुधा खरं असतं. लढाई मात्र तपासून घ्यावी.

चेहरेपट्टी जुळवत बसू नका. फोटो स्कॅन करून मोठा करा आणि बाही पाहा. एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. मग बिल्ला. बिगूल दिसला तर मराठा लाइट इन्फंट्रीची शक्यता मोठी, पण बिगूल इतर पलटणींकडेही होता. कोरेगावचा विजयस्तंभ दिसला तर महार रेजिमेंट. ती 1941 मध्ये बेळगावात उभी राहिली, म्हणजे तो फोटो पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही.

छातीवरच्या रिबनी फसवतात. जुन्या काचेच्या प्लेटवर काढलेल्या फोटोत लाल रंग जवळजवळ काळा उमटे, निळा फिकट. म्हणून छटेवर जाऊ नये. पट्टे किती आणि केवढे रुंद, ते मोजावं. घरात मेडल असेल तर कड उजेडात धरा. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. यातला नंबर सर्वांत मोलाचा, कारण एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक जवान असत.

कागदपत्रांत शोधताना आजचा पत्ता उपयोगी पडत नाही. कवठे महांकाळ तालुका 1965 चा. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि त्याचं ‘सांगली’ हे नाव 1960 मध्ये आलं. त्यामुळे तासगाव, मिरज, जत, सातारा, सांगली संस्थान अशा सगळ्या नोंदी चाळाव्यात.

युद्धात मेलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत अनेकदा वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले; त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. सुखरूप परतलेल्यांची नावं या यादीत नसतात. त्यांच्यासाठी डिस्चार्जचा कागद आणि पेन्शनचं पुस्तक शोधावं.

सापडलेलं लिहून ठेवताना ‘फोटोत दिसलं’, ‘कागदात मिळालं’ आणि ‘घरात ऐकलं’ असे तीन वेगळे रकाने करा. ‘बर्मा’ कागद मिळेपर्यंत तिसऱ्यातच राहू द्या.