पाठीवर नाव नसलेली छायाचित्रे

आपल्या समाजाच्या घराघरांत, पत्र्याच्या पेटीत किंवा भिंतीवरील चौकटीत, जुनी छायाचित्रे जपलेली असतात. त्यांत कोणी गिरणी कामगार असतो, कोणी सैनिक, कोणी वसतिगृहात राहून शिकलेला घरातील पहिला पदवीधर. ज्या पिढ्यांना अक्षरच नाकारले गेले, त्यांनी मागे ठेवलेले लिखित पुरावे थोडे आहेत. म्हणून ही छायाचित्रे आपल्या इतिहासाची मोलाची साधने ठरतात. परंतु बहुतेकांच्या पाठीवर ना नाव असते, ना साल. आणि ती ओळखणारी वडीलधारी माणसे एकेक करून निघून जात आहेत.

‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी निश्चित काय आणि संशयास्पद काय हे वेगळे करणे इतिहासकाराचे कर्तव्य मानले आहे. घरातील छायाचित्रांनाही आपण हीच कसोटी लावावी.

आरंभ पाठीपासून करावा. स्टुडिओच्या शिक्क्यातील पत्ता ‘मुंबई १२’ असा आहे की ‘४०० ०१२’ असा, हे पाहावे. पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तेव्हा सहा अंकी क्रमांक असलेली प्रत त्यापूर्वीची असू शकत नाही. उलट निष्कर्ष मात्र काढू नये. जुना शिक्का दुकानात पुढेही वर्षानुवर्षे वापरला जातो.

मग कागद पाहावा. पांढऱ्या किनारीच्या, दातेरी कडांच्या कृष्णधवल प्रती १९४० ते १९६० या दशकांत विशेष आढळतात. प्लास्टिकचा लेप असलेला कागद १९७० नंतर रूढ झाला. तथापि प्रतीचे वय आणि प्रसंगाचे वय एकच असेल असे नाही. चित्राच्या आतच घड्या वा भेगा उमटलेल्या दिसल्या, तर ती जुन्या छायाचित्राची नवी नक्कल समजावी.

त्यानंतर चित्रातील खुणा. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे झाली. तिचे चिन्ह गणवेशावर असेल, तर छायाचित्र त्यानंतरचे. कमानीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव असेल, तर ते १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतरचे. पांढऱ्या साडीतील वधू आणि मागे बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमा असतील, तर तो विवाह बहुधा १९५६ नंतरचा; पण येथे ‘बहुधा’ हा शब्द सोडू नये.

अनेक घरांत ‘आजोबांचा छप्पन्न सालच्या दीक्षेचा फोटो’ म्हणून एखादे छायाचित्र दाखविले जाते. मागे दीक्षाभूमीचा पूर्ण घुमट दिसत असेल, तर ते १४ ऑक्टोबर १९५६ चे असू शकत नाही. त्या स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. याचा अर्थ आजोबा दीक्षेला गेले नव्हते असा होत नाही. एवढेच, की हे छायाचित्र त्याचा पुरावा नव्हे. श्रद्धेपोटी जोडलेली एक चुकीची तारीख पुढे खऱ्या पुराव्यांवरही संशय आणते.

शेवटी माणसांना विचारावे. ‘हे अमुकच ना?’ असे विचारले की वृद्ध माणूस होकार देतो. म्हणून नाव न सुचविता ‘हे कोण?’ एवढेच विचारावे, आणि दोघांना वेगवेगळे विचारून उत्तरे ताडून पाहावीत. स्त्रियांची ओळख ‘अमक्याची आई’ एवढ्यावर थांबवू नये. तिचे स्वतःचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव विचारून घ्यावे. आजवर सर्वाधिक हरवली ती हीच नावे.

मिळालेली माहिती पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावी. बॉलपेन वापरू नये. लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा ती पाकिटावर लिहावी. डावीकडून उजवीकडे क्रमाने नावे, सांगणाऱ्याचे नाव, विचारल्याची तारीख, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अज्ञात’ असा शेरा असावा. ‘अज्ञात’ लिहिण्यात कमीपणा नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या घरात तोच चेहरा नावासह सापडू शकतो.

आपल्या वसतिगृहातील मुले सुटीत घरी जातात. पालकांनी या सुटीत त्यांना आजीजवळ बसवावे, पेटी उघडावी आणि मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी. आजीला जे आठवते, ते लिहून घेणारा हात आता घरातच तयार झाला आहे.